अण्णांनी नापास केलेल्या तीन प्रती

चित्रकार झरीना हाश्मींच्या २००१ सालच्या ‘डिव्हायडिंग लाइन’ या लाकडी ठशावरून छापलेल्या प्रिंटमध्ये एक वेडीवाकडी काळी रेघ आहे, बस. रेघ भारत-पाकिस्तान सीमेची. झरीना १९३७ साली अलिगढला जन्मल्या, गणित शिकल्या. घरचे पुढे कराचीला गेले. पण मी अडकले ते भलत्याच गोष्टीत. लाकडात रेघ कोरलेली नाही. रेघ तशीच ठेवून भोवतीचं लाकूड काढलंय. ठशावर जे उरतं, तेवढंच छापलं जातं.

अण्णांनी चौतीस वर्षं चादरीच्या कारखान्यात जेकार्डची कार्डं पंच केली, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं. ते म्हणाले, “म्हणजे आमच्या उलटं. आमच्यात भोक पडलं तिथं धागा उचलतो.” एक कार्ड म्हणजे धोट्याची एक फेरी. एक भोक चुकलं की मोराचा डोळा प्रत्येक चादरीत चुकलेला.

मग मीही लिनोचा, म्हणजे लाकडासारखा कोरता येणाऱ्या मऊ लिनोलियमचा, तुकडा आणला. एकच उभी रेघ, मध्ये बोटभर तुटलेली. ताण्यातला तुटका धागा. तीन रविवार नुसता लिनो काढत बसले. रोलरनं शाई लावायची, कागद टाकायचा, पळीच्या पाठीनं घासायचं. आठ प्रती काढल्या आणि खाली पेन्सिलीनं ऐटीत १/८, २/८ लिहून टाकलं, म्हणजे आठातली पहिली, आठातली दुसरी.

झरीनांच्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (१९९९) या संचात ३६ लाकडी ठशांची चित्रं आहेत आणि आवृत्ती २५ संचांची, म्हणजे असे २५ संच छापलेले. आवृत्ती संपली की ठशावर फुली मारून तो बाद करायची रीत आहे. हे ऐकल्यावर अण्णांचा चेहरा बघायला हवा होता. “चांगला ठसा मोडायचा? डोकं फिरलंय का लोकांचं?”

तरी त्यांनी कापडाचे धागे मोजायचं भिंग काढलं आणि आठही प्रती खाटेवर मांडल्या.

“ही सेकंड, दुय्यम माल. ही पण. हिच्यात खाली शाई फुगलीय.”

मी म्हटलं, हातानं केलेलं आहे, थोडा फरक असणारच. (हे वाक्य मी प्रदर्शनांत पाच-सहा वेळा ऐकलंय, तिथं सगळे माना डोलावतात.)

“मग नंबर कशाला टाकलास?”

यावर उत्तर नव्हतं, कारण नियम खरंच त्यांच्या बाजूनं आहे. आधी एक प्रत पसंत करायची आणि बाकीच्या तिच्यासारख्याच निघायला हव्यात. नक्षी भरगच्च असती तर फुगलेली शाई कुणाला दिसली नसती. इथं कागदभर एकच रेघ, लपवायला जागाच नाही.

तीन प्रती बाजूला गेल्या. पाच उरल्या, आणि त्यांच्या खाली आठचा आकडा.

लिनो कोरायची सुरी अण्णांनी उचलून कपाटावर ठेवली. “आधी तीन धड काढ. मग मोड काय मोडायचं ते.”