पाठीमागचं रिंगण

कपाळाला गोपीचंदन मी पहिल्यांदा लावलं ते ड्युटीवर. पंढरपूरला आषाढीचा बंदोबस्त होता, मी नवा फौजदार, आणि पाकीटमार पकडायला आम्हा चौघांना साध्या वेशात चंद्रभागेच्या वाळवंटात सोडलं होतं. धोतर, सदरा, गळ्यात तुळशीची माळ, हातात टाळ. टाळ धरतात कसा तेही ठाऊक नव्हतं. एक म्हातारी आली आणि तिनं सरळ माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी दचकून मागं सरलो, तर तिच्या डोक्यावरून पलीकडे एक हात कुणाच्या तरी कोपरीच्या खिशात शिरताना दिसला. झडप घातली, सापडला. शाबासकी मिळाली. म्हातारी तेवढ्यात गर्दीत गडप झाली होती. मी तिला उलट नमस्कार केला नाही हे मात्र मनात राहिलं. वारीत तो करायचा असतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

ती माळ टेबलाच्या खणात स्टेपलर आणि शाईच्या पॅडशेजारी पडून राहिली. बदल्या झाल्या तशी खोक्यांतून फिरली. मी ५८ पूर्ण करून निरीक्षक म्हणून घरी आलो, तेव्हा तीही आली.

निवृत्तीनंतर लिहायला लागलो. आधी पारायणाच्या वेळी काढलेली टिपणं, मग त्यांचंच एक पुस्तक, मग दुसरं. मग अभंग. पोलीस खात्यातला माणूस अध्यात्मावर लिहितो म्हटलं की लोकांना कौतुक फार; लिखाण यथातथा असलं तरी शाल-श्रीफळ मिळतं. दीडेकशे अभंग झाले. दोन-चारांना चाली लागल्या, गणेशोत्सवात मंडपात गायले गेले. वारीवरच त्यातले तीसभर असतील. एकदा जेवताना सौ. म्हणाल्या, "वारीवर एवढं लिहिता, एकदा चालून तरी या."

मी म्हणालो, अकरा आषाढ्या काढल्यात मी. त्या म्हणाल्या, "उभं राहून."

म्हणून आळंदीहून निघालो. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी तिथं रीतसर माळ घालून घेतली. तीच, खणातली. पिशवीत दोन सदरे, इरलं म्हणून एक प्लास्टिकचा कागद, आणि अभंगांची वही. आमची दिंडी रथामागची, परभणीकडची. बहुतेक शेतकरी. पेरणी उरकून आलेले थोडे, अर्धवट टाकून आलेलेच जास्त. मी निवृत्त पोलीस आहे हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

ते चौथ्या दिवशी फुटलं. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यांत लांब, तीसेक किलोमीटर, त्यात एकादशी. पोटात राजगिऱ्याचा एक लाडू आणि केळं. दिवेघाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. रथ वर चढत असतो आणि मागं पायथ्यापर्यंत माणूसच माणूस. एका वळणावर मागून रेटा आला, पुढची रांग अडली, दोन बायका कठड्याकडे ढकलल्या गेल्या. माझ्या तोंडून आवाज निघाला, "ए! जाग्यावर थांबा! मागं सरा, मागं!" तीस वर्षं वापरलेला आवाज तो, सांगून येत नाही. आसपासची दोनशे माणसं गपकन थांबली. रेटा ओसरला, बायका सावरल्या. पण टाळही थांबले. पखवाजावरचा हात हवेत राहिला.

विणेकरी बाबा वळले. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा माणूस, विणा छातीशी. वारीत विणा खाली टेकवायची नसते. एकानं दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, आणि देताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. ते म्हणाले, "माउली, माणसं थांबवली ते बरं केलं. भजन कशापायी थांबवलं?"

मला उत्तर सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत माझं नाव 'फौजदार माउली' पडलं ते पडलंच. पोरं मुद्दाम सॅल्यूट ठोकायची.

पायाचं सांगतो थोडं. जेजुरीत भंडाऱ्यानं सगळे पिवळे झाले तेव्हा मी तंबूत बसून डाव्या टाचेकडे बघत होतो. रुपयाएवढा फोड. बूट घालून तास न् तास पॉइंटवर उभं राहण्याची सवय असलेले पाय चालायला कुचकामी निघाले. दिंडीतल्या एका मावशींनी सुईत दोरा ओवला, हळदीत बुडवला, फोडाच्या एका अंगानं घालून दुसऱ्या अंगानं काढला आणि दोन्ही टोकं कापून दोरा आतच ठेवला. "ह्याच्यावाटं पाणी जाईल. कातडं सोलू नका." डॉक्टर मंडळींना हे पटायचं नाही. मला मात्र सकाळी पाय टेकवता आला. चुरचुरत होता, पण टेकवता आला.

वहीचा विषय मी लोणंदला काढला. आधी नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान झालं होतं, सगळे भिजून हलके झाले होते, मला वाटलं वेळ बरी आहे. बाबांना म्हटलं, माझे काही अभंग आहेत, उद्या वाटेत एखादा घेता येईल का? चाल सोपी आहे.

वारीत भजनाला क्रम असतो, हे मी बंदोबस्तात कधी ऐकलंच नव्हतं. म्हणजे कानावर पडत होतं, ऐकलं नव्हतं. पहाटे कोणते, रूपाचे कधी, वाराचे कोणते, हरिपाठ कधी, सगळं ठरलेलं. आणि वाटेवर संतांच्याच रचना. परवाच्या माणसाची रचना, मग तो कितीही मोठा असो, दिंडीत नाही. बाबा हे सगळं मला सुनावू शकले असते. ते म्हणाले, "वाचा की."

मी वही उघडली. पहिल्याच पानावरचा, माझा लाडका:

उतरली टोपी । उतरला थाट ।
सापडली वाट । पंढरीची ॥

बाबांनी मांडीवर बोटं आपटून मोजलं. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमकही जुळलेलं. मोठ्या अभंगाचा साचा चोख होता. तीस वर्षं पंचनामे लिहिलेला माणूस साच्यात चुकत नाही. "अक्षरं बराबर हायेत," ते म्हणाले. "टाळालाबी बसतंय." मग थोडं थांबून, अगदी निरागसपणे, "हे कधी लिव्हलं?"

"दोन वर्षं झाली."

"मंग दिवेघाटात कोन्ची होती डोस्क्यावर?"

तंबूतले सगळे हसले. मीही हसलो, पण कानाच्या पाळ्या गरम झालेल्या कळत होत्या. वही दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये, पिठाच्या पोत्यामागं गेली. तिथून पुढं टाळ घेऊन फक्त धृपद धरायचं काम केलं. त्यात एक गोष्ट पायांना कळली, जी बोटांवर मोजून कळली नव्हती. ती शेवटची चार अक्षरं आहेत ना, ती सहांच्या जागेत पसरतात. स्वर लांबतो, मागचे उचलून धरतात, आणि त्या सैल जागेत सगळी रांग श्वास घेते. चढावर ती जागा नसती तर छाती फुटली असती. मी मात्र घरी खुर्चीत बसून तिथं 'पंढरीची' कोंबत होतो, नाहीतर 'विठ्ठलाची'.

पण लोणंदला त्याच संध्याकाळी जे बघितलं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. समाजआरती.

तळावर पालखी मधे, भोवती सगळ्या दिंड्या गोल. हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार आपला चांदीचा चोप वर उचलतात आणि एक लांब हाळी देतात, "होऽऽ". बस. बुचकळ्यात पडावं असं सगळं शांत होतं. माझ्या आयुष्यात मी ध्वनिक्षेपक, शिट्टी, दोरखंड, लाठी, सगळं वापरलंय. गर्दी अशी गप्प झालेली पाहिली नव्हती.

आणि त्या शांततेत कुठल्या तरी एका कोपऱ्यात टाळ वाजतच राहतात. मी शेजारच्याला विचारलं, ही कोण आडमुठी मंडळी? तो म्हणाला, "तक्रार हाय त्यांची." ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तिनं टाळ थांबवायचा नाही. चोपदार चालत तिथं जातात, काय ते ऐकून घेतात. त्या दिवशी कुणाचा तरी पाण्याचा टँकर तळापर्यंत पोचला नव्हता. निवाडा झाला, टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या, उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली, आरती झाली.

मी ठाण्यात बसून आयुष्यभर फिर्यादी घेतल्या. फिर्यादी माणूस दारात चपला काढून, घाबरत आत यायचा. इथं फिर्यादी वाजवत राहतो आणि दंडवाला त्याच्याकडे चालत जातो. हे सगळं बसवलं कुणी, तर हैबतबाबा आरफळकरांनी. १८३२ च्या सुमारास. आणि ते मूळचे कोण? शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. लष्करी माणूस! दिंड्यांचा क्रम, घोडे, तंबू, पहाटेचे तीन कर्णे: पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला दिंडीत लागायचं, तिसऱ्याला पालखी हलते. हे सगळं छावणीचंच आहे. मला इतका आनंद झाला की मी ते शेजारच्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "असंल."

फलटण, बरड मागं पडलं. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागला आणि माझी छाती उगाच धडधडायला लागली. इथून पुढं सगळे जुने पॉइंट. कुठलं झाड, कुठली टपरी, कुठल्या मैलाच्या दगडापाशी रात्री पावसात गुडघाभर चिखलात उभा होतो, सगळं येत होतं. नातेपुत्याच्या पुढं पुरंदवड्याचं मैदान. पहिलं गोल रिंगण.

या मैदानावर मी चार वेळा ड्युटी केली. चारही वेळा रिंगणाच्या कडेला, दोराला लागून. आणि चारही वेळा मी रिंगण पाहिलेलं नाही. बंदोबस्तवाल्यानं तोंड गर्दीकडे करायचं असतं. पाठीमागून टापा येतात, जमीन थरथरते, समोरच्या हजारो माना डावीकडून उजवीकडे फिरतात, डोळे मोठे होतात, तोंडं उघडतात. त्यावरून समजायचं, अश्व गेला. माझ्या वारीवरच्या तीस अभंगांपैकी पाचात रिंगण आहे. कशाच्या जोरावर लिहिलं होतं, कोण जाणे.

या वेळी मी आत होतो. मधे पालखी, भोवती दिंड्यांची कडी, त्यात आम्ही टाळ घेऊन. आधी पताकावाले धावले, मग तुळशीवाल्या. आमच्या सुईदोरावाल्या मावशी वृंदावन डोक्यावर धरून अशा पळाल्या की मला माझ्या टाचेची लाज वाटली. मग विणेकरी. बाबा धोतराचा सोगा खोचून धावले. आणि मग घोडे. पुढं पताका घेतलेला स्वार, मागं माउलींचा अश्व, पाठ मोकळी. त्याच्या पाठीवर माउली असतात म्हणतात. घोडा समोरून गेला तेव्हा त्याच्या नाकपुडीचा आतला गुलाबी रंग दिसला, खोगिराची झूल उडाली, ओल्या मातीची ढेकळं माझ्या सदऱ्यावर आली. दुसऱ्या फेरीला त्यानं स्वाराला गाठलं. ओरडून घसा बसला माझा.

तेवढ्यात नजर पलीकडे गेली. धावपट्टीच्या बाहेरच्या कडेला दोर, आणि दोराला धरून एक पोरगी, शिपाई. पंचविशीची असेल. पाठ आमच्याकडे. पाठीवर रेनकोट, हात दोन्हीकडे पसरलेले, पाय रोवलेले. अश्व तिच्या मागं हाताभर अंतरावरून गेला. तिचे खांदे किंचित वर उचलले गेले, मान जरा खाली गेली. वळली नाही.

रिंगण सुटलं तशी बाहेरची गर्दी दोर मोडून आत आली. टापांखालची माती कपाळी लावायला लोक तुटून पडतात. त्या वेळेला कुणाच्या बापाचं चालत नाही. तिची शिट्टी वाजत होती, उपयोग शून्य. मी खाली बसून चिमूटभर माती घेतली, गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत गेलो. तिला वाटलं आणखी एक म्हातारा तक्रार घेऊन आला.

"काका, बाजूला व्हा, पडाल."

"माउली, ही घे."

माझ्या चिमटीकडे बघून ती थबकली. मग आजूबाजूला पाहिलं, साहेब कुठं दिसतो का. मीही पाहिलं, जुनी खोड. कुणी नव्हतं. तिनं टोपी दोन बोटं वर सरकवली. मी मातीचा टिळा लावला, आणि ती पाया पडायला वाकायच्या आत मीच वाकलो. तीही वाकली. दोघांची डोकी आपटली.

"काका, अश्व कसा होता?" कपाळ चोळत तिनं विचारलं.

मी सांगायला लागलो. नाकपुडीपासून. तेवढ्यात तिच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला, तिनं टोपी खाली ओढली, पॉइंटचा नंबर सांगितला आणि मला हातानंच 'थांबा' म्हणून पुन्हा गर्दीकडे तोंड केलं. मी थोडा वेळ थांबलो. मग आमच्या दिंडीचे टाळ सुरू झाले.