काकांचा जबडा आणि माझे सहा हजार

तर झालं असं की पोकर खेळायला गोव्याच्या कॅसिनो बोटीवर मारलेल्या गेल्या तीन फेऱ्या मी ज्या टेलबद्दल (टेल म्हणजे हातात काय आहे ते नकळत सांगून टाकणारी सवय) एवढं फुशारून लिहीत होतो ना, निपाणीच्या काकांचा जबडा, तो टेल शनिवारी रात्री मांडवीत बुडाला, आणि जाताना माझे 6,000 घेऊन बुडाला.

आठवत असेल तुम्हाला, काका सतत आवळासुपारी चघळत असतात आणि मोठी बेट (पैज) टाकायच्या आधी जबडा एकदम थांबतो. डायरीत अशा 5 नोंदी होत्या, त्यातल्या 4 वेळा पत्ते उलटले तर हातात हवा, म्हणजे नुसता ब्लफ. मी आपलं ब्रह्मवाक्य धरून बसलो.

50-100 चं टेबल (पत्ते बघायच्या आधीच दोघांनी टाकायच्या रकमा), 10,000 घेऊन बसलेलो. मला बटनवर, म्हणजे शेवटी चाल येते त्या जागेवर, इस्पिक एक्का-गुलाम. काका पहिल्याच सीटवरून लिंप (नुसते 100 टाकून आत), मी 500 केले, बाकी सगळे गेले, काका कॉल, म्हणजे तेवढेच भरून आत. फ्लॉप (सगळ्यांसाठी उघडणारे पहिले तीन पत्ते) गुलाम-अठ्ठी-चौकी, तीन रंगांचा, म्हणजे फ्लशची (एकाच रंगाच्या पाच पत्त्यांची) तूर्त भीती नाही. 700 टाकले, कॉल. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, दुसरी अठ्ठी, 1,500 टाकले, चघळत चघळत कॉल. रिव्हरला, म्हणजे पाचव्या, शेवटच्या पत्त्याला, दुसरी चौकी. आणि इथे, आत्तापर्यंत नुसतं चेक-कॉल करणारे (स्वतः बेट न टाकता माझी भरणारे) काका, त्यांचा जबडा थांबला, डोळे चिप्सवर, चार-पाच सेकंद काहीच नाही, आणि मग 6,000 पुढे सरकवले. पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, होता 5,550.

आता कुठल्याही शहाण्या माणसाने इथे पत्ते टाकावेत. सगळी रात्र चेक करणारा साठीचा माणूस रिव्हरला पॉटपेक्षा मोठी बेट स्वतःहून मारतो तेव्हा त्याच्याकडे माल असतो, हे मीच इथे दहा वेळा लिहिलंय. पण जबडा थांबला होता ना! कॉल केला. काकांनी अठ्ठी-सत्ती उघडली, फुल हाउस (तीन अठ्ठ्या, दोन चौक्या), आणि माझ्याकडे बघून डबी पुढे केली, "घे की, तोंड एवढंसं केलंयस." घेतली पण. आवळा चांगला होता, तेवढंच.

नंतर डेकवर वारा खात बसलो आणि डायरी काढली (चालू हातात टेबलवर फोन काढू देत नाहीत, म्हणून खिशातली छोटी डायरी, तेच बरं), तेव्हा घोळ कळला. त्या पाचही नोंदी मी पत्ते उलटल्यावर लिहिल्या होत्या. म्हणजे ब्लफ दिसला, मी चकित झालो, मग मागे वळून आठवलं की अरे हो, जबडा थांबला होता तेव्हा. ज्या वेळी थांबला आणि काकांकडे खरंच पत्ते होते, ते एक नोंद सोडली तर मला विशेष वाटलंच नाही, लिहिलंच नाही. आणि ज्या हातात सगळे फोल्ड झाले (पत्ते टाकून बाहेर पडले) त्यांची तर गणतीच नाही. याला टेल म्हणत नाहीत, आपल्याला हवं ते आठवणं म्हणतात.

मग ठरवलं, निकाल लागायच्या आधी खूण करायची. माझा पत्त्यांवर ठेवायचा आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा आहे ना, जबडा थांबला की तो उलटा करायचा, हात संपला की डायरीत टिक. दोनदा केलं, तिसऱ्यांदा शेजारच्या सीटवरचा म्हणाला, "भाई, ये सिक्का क्यूँ घुमाते हो बार बार?" म्हणजे दुसऱ्याचा टेल पकडता पकडता मीच टेल झालो. पैसा खिशात. आता 100 ची एक चिप डाव्या ढिगावरून उजव्या ढिगावर, कोणाला कळत नाही.

रात्र अगदीच वाया नव्हती हां. हुडीवाला पोरगा होता समोर, ऑगस्ट 2025 मध्ये पैशांचे ऑनलाइन गेम कायद्याने बंद झाले तेव्हापासून असे बरेच येतायत, गणित पक्कं, कोणी कुठले पत्ते खेळेल ती रेंज तोंडपाठ, पण अंगावर ताबा शून्य. फ्लॉप पडला तीन बदाम. मी फ्लॉप बघितलाच नाही, तो कुठे पळून जात नाही, मी पोराकडे बघत होतो. त्याने पटकन पत्त्यांचे कोपरे उचलून परत बघितले. ज्याला दोन बदाम आलेत त्याला ते माहीत असतं, परत बघतो तो ज्याला एक बदाम आहे का एकही नाही हे आठवत नाही. माझ्याकडे तिथे काहीही नव्हतं, तरी फ्लॉपला आणि टर्नला दोन्हीकडे बेट मारली, आणि तो राजांची जोडी दाखवून फोल्ड झाला, एक राजा बदामचा! 2,200 आले, पण आनंद वीस हजारांचा.

टेबलवर चेहरा झाकायला गॉगल घ्यावा का असं जे विचारत होते त्यांच्यासाठी: घेऊ नका. त्या मंद उजेडात किलवर आणि इस्पिक मला सारखेच दिसायला लागले, तासाभरात काढून ठेवला. तसाही चेहरा झाकून काय करणार, 2013 चा तो अभ्यास आहे ना, 2009 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर स्पर्धेच्या क्लिप्स दाखवलेला, त्यात नुसता चेहरा बघणाऱ्यांना काही जमलं नव्हतं, नुसते हात बघणाऱ्यांचा अंदाज बरा होता. आणि घरच्या सरावासाठी चिप्स मागवल्या त्या दुकानाबद्दल तर बोलायलाच नको, 25 च्या 100 सांगितल्या, आल्या सगळ्या 1000 च्या. पत्ते मात्र कोपॅग कंपनीचे प्लास्टिकचे घ्या, पावसाळ्यात आमच्या सावंतवाडीच्या दमट हवेत पण वाकत नाहीत. अर्थात घरच्या गेमात पैसे नसतात, त्यामुळे कोणाचे हात थरथरत नाहीत की श्वास अडकत नाही, टेलचा सराव होतच नाही, नुसती चिप्स उचलायची सवय होते.

आता खरी गंमत. पहाटे तीनला काका उठले, मीही मागोमाग उठलो, कॅश काउंटरच्या रांगेत त्यांच्या मागे. बाईंनी मशीनवर मोजून नोटा दिल्या, तरी काका स्वतः मोजायला लागले, अंगठा ओला करून, पाचशेच्या. आणि जबडा थांबला! पूर्ण थांबला. शेवटची नोट झाली, गड्डी खिशात, आणि परत चघळणं सुरू.

मी तिथेच हसलो. माणूस मोजताना चघळत नाही, एवढंच आहे ते! टेबलवर जबडा थांबतो तेव्हा काका पॉट मोजत असतात. ब्लफ असो की फुल हाउस, मोठी बेट टाकायची तर आकडा काढावा लागतो. मी तीन फेऱ्या एका माणसाची बेरीज वाचत होतो.

म्हणून टिक-बिकचा सगळा प्लॅन मी हे लिहिता लिहिताच बदलतोय. थांबलेला जबडा मोजायचाच नाही. उलट बघायचं: मोठी बेट, आणि जबडा चालूच. म्हणजे आकडा आधीच ठरला होता, कार्ड पडायच्या आधी. हे कधी होईल? एकतर हात इतका पक्का की काहीही पडो, किंवा ब्लफ आधीच ठरवून ठेवलेला. माझा कल पहिल्याकडे आहे, पण गेल्या वेळचा कल बघितलाच तुम्ही.

डायरी परत चाळली तर अशी एकच ओळ सापडली: "काका, टर्न, 2,500, खाता खाता, सगळे फोल्ड." पत्ते दिसलेच नाहीत.

आणि एक अडचण, परवा दोन वाजताच काकांची डबी रिकामी होत आली होती, मलाच शेवटची फोड मिळाली काउंटरच्या आधी, ती पण अर्धी करून. पुढच्या महिन्यात जाताना बांद्यात गाडी थांबवून पाव किलो आवळासुपारी घेणार आहे, काकांसाठी.