तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं एवढं वर का?

आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस चप्पल काढतो, बसतो, पाणी पितो आणि मग मान वर करून विचारतो, "हे सगळं एवढं वर का लावलंय ओ?" परवा गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या मुलानंही विचारलं. मी एका शब्दात उत्तर देते, पुरामुळे. सांगलीतला असेल तर मान डोलावतो आणि विषय संपतो. पुण्या-मुंबईचा असेल तर संपत नाही. "हो पण मामी, निदान दोन-चार फ्रेम तरी खाली लावा की, भिंत किती भकास दिसतेय, आणि एवढ्या उंच खोलीचं काय काय करता येईल, खर्चही फार नाही." मग मोबाईलवर फोटो दाखवतात. मी बघते, छान असतात फोटो. आणि माझं डोकं उठतं, कारण हे सगळं मी करून बसलेय.

तर आता एकदाच लिहून टाकते.

खोलीचं वर्णन करत बसत नाही, मापं तेवढी सांगते. बावीस बाय तेरा, आणि जमिनीपासून कडीपाटापर्यंत 14 फूट. घर सांगलीच्या गावभागातलं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापासून चालत पाच-सात मिनिटांवर. 14 फूट ऐकायला भारी वाटतं, खर्च बघितला की नाही. चार भिंतींचं क्षेत्रफळ होतं 980 चौरस फूट, हेच छत दहा फुटांवर असतं तर 700 झालं असतं. म्हणजे रंग जास्त, वर बांबूची परांची बांधायची ती वेगळी, पडदे तयार मिळतात ते पाच, सात नाहीतर नऊ फुटांचे, पंख्याला चार फुटांचा दांडा लागतो नाहीतर वारा वरच्या वर फिरतो. हे सगळं पगारातून करायचं, आणि घरात शाळेत जाणारा मुलगा आणि रिटायर झालेले सासरे.

2017 ला मी ही खोली "केली". म्हणजे बराच अभ्यास करून केली. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या खोलीत मला सगळ्यात जास्त काय खटकत असेल तर आजेसासऱ्यांच्या वेळेपासून टांगलेले आठ फोटो. अकरा फुटांवर, तुळईच्या खाली, पुढे झुकवून लावलेले. जुन्या घरात असेच लावायचे, खालून उभं राहून दिसावेत म्हणून झुकवायचे, पण दिसायचं काही नाही. काचेवर धूळ, मागे चिमण्यांच्या काड्या, वर्षातून एकदा दिवाळीआधी कुणीतरी शिडीवर चढून फडकं मारायचं. मी वाचलं होतं की फ्रेमचा मध्य जमिनीपासून 57 इंचांवर हवा, उभ्या माणसाच्या नजरेसमोर येतो, मोठमोठ्या म्युझियममध्ये तसंच लावतात म्हणे. मला ते एकदम पटलं.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "असू देत की वर."

मी म्हटलं, अण्णा, मान मोडते बघताना, आणि बघतं कोण? तुमच्या नातवाला विचारा त्यात कोण कोण आहे, एक नाव सांगता येणार नाही त्याला. ते काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं असं मला आता वाटतं, पण तो त्यांच्यावर अन्याय आहे, कारण ते बोलले होते. चार शब्द.

आणि मी बेफिकीर होते असं समजू नका, हे मला सांगायचंच आहे. 2005 च्या पुराची रेघ आमच्या भिंतीवर होती, अण्णांनी खिळ्यानं कोरून ठेवलेली, जमिनीपासून तीन फूट एक इंच. तेव्हा पुलाजवळ नदीची पातळी 54 फुटांच्या आसपास होती. मी टेप लावून मोजलं, फ्रेमची खालची कड 47 इंचांवर येत होती. दहा इंच मार्जिन. अख्ख्या सांगलीत तेव्हा कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं की 2005 पेक्षा जास्त येत नाही. मी आकडे बघून केलं. पण केलं मीच.

सात फोटो उतरले. आठवा दारावरचा, त्याची लाकडी खुंटी भिंतीत अशी फुगून बसली होती की हलेना, सुतारमामा म्हणाले भिंतीचा ढेकूळ निघेल, सोडा. तो तिथंच राहिला. सात फोटो साफ केले, मागचे पुठ्ठे बदलले, प्लॅस्टिक पेंट मारून घेतलेल्या फिक्या पिवळ्या भिंतीवर एका ओळीत लावले. सुंदर दिसायचे. आजही सांगते, सुंदर दिसायचे. लेक येता-जाता थांबायचा, पणजीच्या नाकातल्या नथीवर बोट ठेवायचा. आणि अण्णा संध्याकाळी तिसऱ्या फोटोसमोर खुर्ची घेऊन बसायला लागले. त्यात त्यांची आई होती, मांडीवर त्यांची धाकटी बहीण. ती बहीण चार वर्षांची असताना गेली, तिचा दुसरा फोटो नाही. अण्णांनी तो फोटो इतक्या जवळून कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. हे ते स्वतः म्हणाले होते.

मग 2019 चा ऑगस्ट. तो पूर तुम्हाला सांगायला नको, अलमट्टी धरणामुळे की कोयना धरणामुळे हा वाद पण तुमचा तुम्ही घाला. पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं. आकडा 48 झाला, 50 झाला, सहा तारखेला आम्ही नणंदेकडे विश्रामबागला जायचं ठरवलं. घरात एकच पोटमाळा, स्वयंपाकघरावर. दोन तास आम्ही तिघं सामान वर चढवत होतो, बाहेर पाऊस, गल्लीच्या तोंडाशी पाणी दिसायला लागलेलं. तांदळाचा डबा वर गेला, गाद्या गेल्या, शिलाई मशीनचं डोकं काढून गेलं, कागदपत्रांची पिशवी माझ्या गळ्यात होती. मी मिक्सर नेला. नुसता मिक्सर नाही, त्याची तिन्ही भांडी, चटणीचं छोटं भांडं सापडेना तर ते ओट्याखालून शोधून काढलं. ह्यांनी टीव्ही उतरवला. भिंतीवरचा टीव्ही उतरवला, कारण त्याची खालची कड साडेतीन फुटांवर होती आणि रेघेपासून जवळ वाटली.

आणि फोटोंसमोरून मी किती वेळा गेले असेन, पंधरा वेळा, वीस वेळा. हाताच्या अंतरावर. अकरा फुटांवर असते तर शिडी लागली असती, पण इथं फक्त हात वर करून खिळ्यावरून काढायचे होते. सात फोटोंना दोन मिनिटं. निघताना बॅटरी मारून मी रेघेकडे बघितलं, मग फोटोंकडे, आणि मनात म्हटलं, दहा इंच आहेत. कुलूप लावलं.

पाणी पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं. आकडा 57 च होता, मी वाचला होता तो इंचात.

परत आलो ते 14 तारखेला. दार उघडेना, आतून कॉट तरंगत येऊन अडकली होती. चिखल घोट्याच्या वर, आणि तो वास, ज्यांनी घेतलाय त्यांना माहितीये. भिंतीवर नवी रेघ सहा फूट आठ इंचांवर. पाच फोटो भिंतीवर होते, दोन खाली. काचेमागे पाणी आणि गाळ. दारावरचा आठवा फोटो जसाच्या तसा, कोरडा, झुकलेला. तो कुणाचा आहे ते अण्णांनाही माहीत नव्हतं, काळी टोपी घातलेला, मिशावाला कुणीतरी, आजेसासऱ्यांचा साहेब असावा नाहीतर मास्तर.

दुसऱ्या दिवशी पंधरा ऑगस्ट, त्यात राखी पौर्णिमा, आणि मी सकाळी ऊन पडलं म्हणून अंगणात सतरंजी टाकून फ्रेमा उघडायला बसले. घाई झाली होती मला, काहीतरी वाचवलंय असं अण्णांना दाखवायची. जुन्या फोटोला जिलेटिनचा थर असतो, तो भिजून फुगतो आणि काचेला चिकटतो. अशा वेळी ओढायचं नसतं, स्वच्छ गार पाण्यात भिजवून ठेवायचं आणि आपसूक सुटेल तेव्हा सोडवायचं, सुटतच नसेल तर काचेसकट ठेवून काचेवरूनच त्याचा फोटो काढून घ्यायचा. हे मला सप्टेंबरमध्ये कळलं. त्या दिवशी मी पहिले दोन उन्हात वाळवले, ते काचेला कायमचे बसले, तिसरा ओला होता तर म्हटलं हा तरी सुटेल, आणि कोपऱ्यातून धरून ओढला. कागद हातात आला, पांढरा. चेहरे काचेवर राहिले, तेही सगळे नाहीत, साडीचे काठ, एक हात, आणि जिथं मांडीवर मूल होतं तिथं गाळाचा डाग. मी काच पाण्यानं धुतली. का धुतली विचारू नका. डाग जाईल असं वाटलं असेल. डागाबरोबर बाकीचं पण गेलं.

अण्णा मागे उभे होते, केव्हापासून ते माहीत नाही. म्हणाले, "असू दे."

त्यांनी मला काही ऐकवलं असतं तर मी भांडले असते, रेघ दाखवली असती, म्हटलं असतं सगळी गल्ली 2005 च्याच भरवशावर होती. ते काही बोललेच नाहीत, मग मी कुणाशी भांडणार.

तर आताची सजावट, जिच्याबद्दल तुम्ही विचारता. सरकारकडून शहरातल्या घराला 15 हजार मिळाले, आधी पाच रोख आणि उरलेले बँकेत, तेच बजेट. रंगवाल्यानं पुट्टी-बिट्टी धरून 28 हजार सांगितले, पण प्लॅस्टिक पेंट मी परत मारणार नव्हतेच, पापडासारखा सुटून आला होता, तो आतली ओल बाहेर येऊ देत नाही. भिंती दिवाळी होऊन गेली तरी ओल्या होत्या, लोणा, म्हणजे पांढरा खार, फुटत होता. जानेवारीत चुन्याच्या कळ्या पिंपात भिजवल्या, डिंक घातला, नीळ घातली, गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मामांनी आणि ह्यांनी मिळून तीन हात मारले, मजुरी धरून साडेचार हजार. चुना हाताला लागतो, पाठ टेकली की शर्ट पांढरा होतो, पण भिंत श्वास घेते आणि पुढच्या पुरानंतर परत मारायचा तर जीव जात नाही.

साडेआठ फुटांवर चारही भिंतींना फिरती फळी, जुन्या बाजारातून आणलेल्या सागवानी दारांच्या फळ्या कापून, लोखंडी ब्रॅकेटवर. त्यावर पुस्तकं, तांब्या-पितळेची भांडी, लेकाच्या ट्रॉफ्या, आणि हो, मिक्सरच्या बॉक्सची रिकामी जागा पण आखून ठेवलीय. प्लग सात फुटांवर घेतले, त्यामुळे मोबाईल चार्जरला वाळवणासारखे लोंबकळत असतात, याच्यावर हसून झालं असेल तर पुढे जाऊ. खाली लोखंडी कॉट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक जमखाना. सोफा नाही, प्लायवूडचं काही नाही. 2021 च्या जुलैत पाणी परत आलं, आम्ही एका तासात खोली रिकामी केली, नंतर पाईप लावून धुतली. पाणी आत चार फूट दोन इंच आलं होतं. खरं सांगू? मोजताना मला बरं वाटलं. 47 इंचांवरचे फोटो याही वेळी भिजलेच असते म्हणून. असं वाटणं चांगलं नाही, पण वाटलं.

पुण्याची भाची म्हणते, मामी तू घाबरून सजवलंयस. असेल. मी तिला सांगते की वरची पाच फूट भिंत लोकांना रिकामी पडते, मी ती वापरली, अन् तीही स्वस्तात. हे खरंच आहे. पण रात्री कॉटवर पडून वर बघितलं की वाटतं, पुस्तकांची नावं इथून वाचता येत नाहीत. लेक स्टूल घ्यायचा कंटाळा करतो आणि पुस्तक काढतच नाही. 2017 ची मी म्हणायची, जे दिसत नाही ते असून काय उपयोग. तिच्याशी मी वाद घालते, की बाई, तुझ्यामुळे गेलं ना सगळं. ती म्हणते, सत्तर वर्षं वर होते तेव्हा तरी कुठं होते, दोन वर्षं तरी अण्णा बहिणीसमोर बसले. याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि तरी मिक्सर आठवला की तिचा राग येतो.

अण्णा 2022 मध्ये गेले. त्यांचा फोटो मोठा करून आणला, साधी काळी फ्रेम. खिळा कुठं ठोकायचा यावर घरात दोनदा बोलणं झालं. ह्यांचं म्हणणं वर, त्या मिशावाल्याशेजारी. लेकाचं म्हणणं, आजोबा दिसले पाहिजेत. मला विचारलं तर मी चहा ठेवायला उठले. तेव्हापासून तो शिलाई मशीनवर टेकवून ठेवलाय. जूनमध्ये पाऊस लागला की मी तो फळीवर चढवते, दसऱ्याला खाली घेते. यंदा आयर्विनला पाणी पस्तीसला पोचायच्या आधीच चढवला. दसरा होऊन गेलाय, अजून वरच आहे, शिडी शेजाऱ्यांनी नेलीय.