शून्यावर आलेला ताणकाटा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा शाळेचा निरोप आला तेव्हा मला सर्वप्रथम प्रयोगशाळेतला ताणकाटा, म्हणजे स्प्रिंग किती ताणली गेली यावरून वजन दाखवणारा काटा, आठवला. स्नेहसंमेलने आणि सहली यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मी मात्र गेली बावीस वर्षे पुण्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या चाचण्या घेतो आहे, आणि त्या कामाचा पहिला धडा मला त्या ताणकाट्यानेच दिला.

नववीत गुरुत्वाकर्षण शिकवताना आमचे विज्ञानाचे सर टेबलावर उभे राहिले, अर्धा किलोचे वजन अडकवलेला ताणकाटा त्यांनी हातात धरला, खाली गोणपाटाची घडी अंथरायला सांगितली आणि ‘दर्शकाकडे बघा’ म्हणत तो सोडून दिला. पडताना दर्शक (वजनाचा आकडा दाखवणारी खूण) शून्यावर गेला, असे पुढच्या बाकांवरची मुले म्हणाली. मागच्यांना काहीच दिसले नाही, म्हणून प्रयोग तीनदा झाला. तिसऱ्या खेपेस ताणकाटा गोणपाट चुकवून फरशीवर आदळला, त्याचा हूक वाकला आणि त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात गेली. ‘मग वजन गेले कुठे?’ एवढे विचारून सर वर्गाबाहेर पडले.

त्वरणमापी (मोटारीत आणि फोनमध्ये असलेली, धक्के व हालचाल टिपणारी चिप), म्हणजे ज्याला आम्ही कामावर सरसकट अ‍ॅक्सिलरोमीटर म्हणतो, तो मुळात ताणकाटाच आहे. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेला एक सूक्ष्म तुकडा लवचीक पट्ट्यांवर अधांतरी टांगलेला असतो आणि त्याच्या कडेला फणीसारखे दाते असतात. हे दाते दुसऱ्या, स्थिर फणीच्या दात्यांमध्ये काही मायक्रॉन अंतर राखून बसवलेले असतात. उपकरणाला धक्का बसला की तुकडा जडत्वामुळे मागे राहतो, दात्यांमधले अंतर एका बाजूस कमी आणि दुसऱ्या बाजूस जास्त होते, त्यानुसार विद्युत धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते, आणि तो बदल चिपमधले परिपथ मोजतात. अशा तीन रचना परस्परांशी काटकोनात असल्या की तिन्ही दिशा हाती येतात.

गंमत अशी की हे यंत्र नावाप्रमाणे त्वरण मोजतच नाही. ते मोजते पट्ट्यांवर पडलेला ताण. टेबलावर निश्चल पडलेला फोन म्हणूनच ९.८ मीटर प्रति वर्ग सेकंद असा आकडा दाखवतो आणि हातातून सुटलेला फोन, खऱ्या अर्थाने त्वरणित होत असूनही, शून्याच्या जवळ येतो. सरांच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते: वजन कुठेही गेले नव्हते, स्प्रिंगला ताणणारा आधार तेवढा गेला होता. जुन्या लॅपटॉपांत हाच शून्य उपयोगी पडे. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून खाली यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात, आणि तेवढ्या अवधीत हार्ड डिस्कची माहिती वाचणारी शीर्षे तबकडीवरून बाजूला नेऊन ठेवता येत.

या चिपा प्रथम मोठ्या संख्येने वापरात आल्या त्या १९९० च्या दशकात, मोटारींच्या एअरबॅगसाठी. तिथे निर्णय काही मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याच्या आत घ्यावा लागतो. आणि खड्ड्यातला दणका व खरी धडक यांतला फरक ओळखणे (आपल्या रस्त्यांवर तर विशेषच) आम्हा चाचणी घेणाऱ्यांची परीक्षा पाहते. त्या मानाने फोनचा पडदा आडवा-उभा करणे सोपे: गुरुत्वाचा ताण कोणत्या अक्षावर पडतो आहे एवढेच पाहायचे. पावले मोजताना चालण्याच्या ठरावीक लयीतले उंचवटे शोधले जातात, म्हणून घाटात हिंदकळणारी एसटी कधीकधी बसल्या जागी आपल्या खात्यावर पावले जमा करते.

मात्र या यंत्रावर नको तितका विश्वास टाकणारे नवे अभियंते मला दरवर्षी भेटतात. त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर काढता येते हे पुस्तकात खरे असले, तरी मापनात सेकंदाच्या वर्गाला अवघ्या ०.०१ मीटरची कायमची चूक असेल, तर एका मिनिटाअखेर स्थिर फोन १८ मीटर सरकलेला दिसतो. सपाट ठेवलेला फोन जागच्या जागी गोल फिरवला तर त्याची दिशाही याला कळत नाही. त्यासाठी जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारी चिप) किंवा होकायंत्राची चिप लागते.

आपल्या कोयना खोऱ्याचा या यंत्राशी असलेला संबंध मला शाळेत असताना ठाऊक नव्हता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाविषयी घरातली वडीलधारी माणसे पुष्कळ बोलत. पण त्या वेळी कोयना धरणाच्या आतल्या मार्गिकेत बसवलेल्या त्वरणलेखकाने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट एवढा धक्का नोंदवला होता आणि ती नोंद पुढे जगभरच्या धरण-अभियंत्यांनी अभ्यासली, हे मला नोकरीत कळले. त्या काळी असे यंत्र एखाद्या धरणातच सापडे. आता अँड्रॉइड फोन टेबलावर चार्जिंगला लावलेले असताना जमिनीची थरथर टिपतात आणि एकाच भागातल्या अनेक फोनांकडून तसा संदेश आला की भूकंपाची सूचना पाठवली जाते. भारतात ही सोय २०२३ मध्ये आली, आणि पाटणच्या घरी गेलो की माझा फोन रात्री मी गादीवर न ठेवता दगडी कोनाड्यात ठेवतो.