आजारपणाची छोटी रजा: मालकाने किती विचारावे?

नोकरीत एक-दोन दिवसांच्या आजारपणावरून जितकी कटुता निर्माण होते, तितकी दोन महिन्यांच्या शस्त्रक्रियेच्या रजेवरून होत नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे. दीर्घ आजाराला रुग्णालयाची कागदपत्रे असतात, ठरलेल्या तारखा असतात आणि बदली माणूस नेमायला सवड असते. पहाटे चढलेल्या तापाच्या बाबतीत यांपैकी काहीच नसते. असतो तो केवळ कर्मचाऱ्याचा शब्द. त्या शब्दावर संस्थेने किती भरवसा ठेवावा आणि त्याआधी काय काय विचारावे, यावरून बहुतेक वाद होतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. माणूस आज कामावर येणार नाही, साधारण कधी येईल आणि त्याच्याकडचे कोणते काम आजच दुसऱ्याकडे सोपवावे लागेल, हे जाणून घेण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे. त्या माणसाला नेमके काय झाले आहे, हे विचारण्याचा अधिकार मात्र त्याला सरसकट नसावा.

हा विचार अव्यवहार्य वाटत असेल, तर नेदरलँड्समधील पद्धत पाहावी. आजारी असल्याचे कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला तेथील मालक संपर्काचा क्रमांक, मुक्कामाचा पत्ता, परतण्याचा अंदाज आणि अडलेली कामे यांविषयी विचारू शकतो; आजाराचे स्वरूप किंवा कारण विचारण्यास त्याला मनाई आहे. गरज पडल्यास कंपनीने नेमलेला डॉक्टर तपासणी करतो, पण तोही मालकाला निदान सांगत नाही. हा कर्मचारी सध्या काम करू शकतो का आणि कोणते करू शकतो, एवढेच कळवतो. जर्मनीतही मालकापर्यंत पोहोचणाऱ्या दाखल्यात कर्मचारी किती दिवस काम करू शकणार नाही हे नमूद असते, रोगाचे नाव नसते. या दोन्ही देशांतील उद्योगांचे त्यामुळे काही अडल्याचे दिसत नाही.

याला अपवाद आहेत आणि ते सोयीपुरते काढलेले नाहीत. स्वयंपाकघरात किंवा अन्नप्रक्रियेच्या कारखान्यात काम करणाऱ्याला उलट्या-जुलाब होत असतील, तर ते त्याने सांगितलेच पाहिजे. कारण नोरोव्हायरससारख्या संसर्गात त्रास थांबल्यानंतरही किमान ४८ तास कामापासून दूर राहण्याचा सल्ला दिला जातो. जड वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्याने गुंगी आणणारे औषध सुरू असल्याचे सांगणेही याच प्रकारात मोडते. आजाराचा संबंध इतरांच्या सुरक्षिततेशी येतो तेथे प्रश्न विचारणे रास्त आहे. मात्र ‘कुतूहल म्हणून विचारले’ हे कारण वरिष्ठाच्या तोंडी शोभत नाही, विशेषतः समोरच्याला नकार देण्याची सोय नसते तेव्हा.

आता मालकाच्या अपेक्षांकडे वळू, कारण त्याही तितक्याच खऱ्या आहेत. कामाची पाळी सुरू होण्यापूर्वी आणि ठरलेल्या व्यक्तीला निरोप मिळावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. सहकाऱ्याच्या कानावर घालून ठेवणे किंवा सगळ्यांच्या व्हॉट्सॲप गटात एक ओळ टाकून मोकळे होणे, याला कळवणे म्हणता येत नाही. त्या दिवशीची कामे ज्याला नव्याने वाटून द्यायची आहेत, त्याला ते वेळेत समजले पाहिजे. अर्थात निरोप कोणाला, किती वाजेपर्यंत आणि कोणत्या मार्गाने द्यायचा, हे संस्थेने आधी लेखी सांगितलेले असावे. नियम कोठेच लिहिलेला नाही आणि तो मोडल्याबद्दल मेमो मात्र मिळतो, असे प्रकार मी पाहिले आहेत. एकदा रजा मान्य केल्यावर ‘फक्त दोन मेल बघून टाका’ असा फोन करणे हा तर शुद्ध दुटप्पीपणा आहे. माणूस काम करण्याच्या स्थितीत असेल तर ती रजा नव्हे, आणि नसेल तर ते काम त्याच्याकडून घेऊ नये.

सर्वांत जास्त खटके उडतात ते डॉक्टरांच्या दाखल्यावरून. एका दिवसाच्या रजेसाठीही वैद्यकीय दाखला मागणारी कार्यालये पुष्कळ आहेत, आणि त्यामागचा संशय अगदीच निराधार असतो असेही नाही. सुटीला जोडून येणाऱ्या सोमवारीच नेमके डोके दुखणारी माणसे सगळीकडे असतात. पण दाखल्याने हा संशय फिटतो का? अर्धशिशी, पोट बिघडणे, साधा विषाणूजन्य ताप यांत डॉक्टर बव्हंशी रुग्णाने सांगितलेलेच लिहून देतो. ज्याला दांडी मारायची आहे त्याला दाखला मिळवणे कठीण नसते. ज्याला खरोखर ताप आहे त्याला मात्र अंथरुणातून उठून, दवाखान्यात ताटकळत बसून आणि शेजारच्या चार जणांना संसर्ग देऊन तो आणावा लागतो. शिवाय डॉक्टर बहुधा जपून दोन-तीन दिवसांची विश्रांती लिहून देतो, त्यामुळे एका दिवसात परतू शकला असता असा माणूस कागदाच्या आधारे तीन दिवस घरी राहतो.

म्हणूनच अनेक देशांच्या नियमांनी पहिले काही दिवस कर्मचाऱ्याच्या शब्दावर सोडले आहेत. जर्मनीत सर्वसाधारणपणे आजार तीन दिवसांहून अधिक लांबला तरच डॉक्टरांकडून दाखला घ्यावा लागतो, मात्र मालक तो आधीही मागू शकतो. ब्रिटनमध्ये पहिल्या सात दिवसांपर्यंत कर्मचाऱ्याने स्वतः केलेली नोंद पुरते. स्वीडनमध्ये आठव्या दिवसापासून दाखला लागतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने २०२४ मध्ये एक पाऊल पुढे टाकले आणि कायद्याने मिळणाऱ्या वर्षातील तीन दिवसांच्या आजारपणाच्या रजेसाठी डॉक्टरांचा दाखला मागण्यास मालकांना मनाई केली. मला सर्वांत पटते ती न्यूझीलंडची तडजोड: तेथे मालक पहिल्या तीन दिवसांतही पुरावा मागू शकतो, पण मग तो मिळवण्याचा खर्च मालकाने सोसायचा. संशय घेण्याची किंमत संशय घेणाऱ्याने मोजावी, हे मला न्याय्य वाटते. दाखला स्वखर्चाने मागवावा लागला, तर किती कार्यालये तो प्रत्येक वेळी मागतील, याविषयी मला शंकाच आहे.

पगाराचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. आजारपणाच्या लाभाविषयीच्या १९६९ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १३० क्रमांकाच्या कराराने सुरुवातीचे काही दिवस लाभ न देण्याची मुभा ठेवली आहे, पण हे दिवस तीनपेक्षा जास्त असू नयेत असे बंधनही घातले आहे. हे प्रतीक्षेचे दिवस किरकोळ कारणाने घरी बसणाऱ्यांना आळा घालण्यासाठी असतात. प्रत्यक्षात त्यांचा भार ज्याचे पोट रोजच्या कमाईवर आहे त्याच्यावर पडतो, आणि तो दुखणे अंगावर काढत कामावर येतो. इन्फ्लुएन्झा झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना संसर्ग देऊ शकतो, आणि पहिल्या तीन-चार दिवसांत तो सर्वाधिक देतो. म्हणजे ज्या दिवसांचा पगार कापून आपण त्याला कामावर खेचून आणतो, तेच दिवस त्याने घरी राहण्याचे असतात. जर्मनीत नोकरीची पहिली चार आठवडे झाल्यानंतर आजारपणात पहिल्या दिवसापासून सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण वेतन मिळते. अमेरिकेत मात्र खासगी क्षेत्रातील सर्वांना लागू होईल असा पगारी आजारपणाच्या रजेचा राष्ट्रीय कायदाच नाही, तेथे सारे राज्यावर आणि मालकावर अवलंबून आहे.

वारंवार होणाऱ्या छोट्या गैरहजेरीचे मोजमाप करण्यासाठी काही कंपन्या ‘ब्रॅडफर्ड फॅक्टर’ नावाचे सूत्र वापरतात. ठरावीक काळात माणूस किती वेळा गैरहजर राहिला त्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला एकूण दिवसांनी गुणायचे. सलग दहा दिवस आजारी पडलेल्याचे गुण १ × १ × १०, म्हणजे १० होतात. एकेक दिवस असे दहा वेळा आजारी पडलेल्याचे १० × १० × १०, म्हणजे १,०००. दिवस तेवढेच, पण दुसऱ्याचे गुण शंभरपट. तुटक गैरहजेरीने कामाची घडी जास्त विस्कटते हे खरे, परंतु या सूत्राला दम्याचा रुग्ण आणि कामचुकार यांतला फरक कळत नाही. अर्धशिशी किंवा मासिक पाळीच्या तीव्र वेदना असणारे कर्मचारी तर या गणिताने आपोआप दोषी ठरतात. आकडा पाहून माणसाशी बोलायला बसणे समजू शकते. आकडा पाहून थेट इशारापत्र काढणे मला अनुचित वाटते.

कर्मचाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट स्पष्ट असावी. आजारपणाची रजा घेऊन प्रवासाला जाणे ही सरळ फसवणूक आहे आणि तिची शिक्षा पुढच्या खऱ्या आजारी सहकाऱ्याला भोगावी लागते. मात्र रजेवरील माणूस औषधाच्या दुकानात दिसला किंवा संध्याकाळी फिरताना दिसला, म्हणजे तो खोटे बोलला असे होत नाही. पाठदुखीत आणि नैराश्यात चालणे हा बऱ्याचदा उपचाराचाच भाग असतो. प्रकृती सुधारण्यास बाधा येईल असे काही त्याने करू नये, इतकीच अपेक्षा योग्य ठरते.

नोकरी जाण्याची धास्ती असते, तिच्याविषयी थोडे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारानुसार आजार किंवा दुखापत यांमुळे झालेली तात्पुरती गैरहजेरी हे कामावरून काढण्याचे वैध कारण ठरत नाही. तो स्वीकारणाऱ्या देशांपुरताच बंधनकारक आहे आणि ‘तात्पुरती’ म्हणजे किती, हे ठरवण्याचे काम देशोदेशींच्या नियमांवर सोपवलेले आहे, म्हणून केवळ त्यावर विसंबून राहता येत नाही. नियुक्तिपत्रातील आणि सेवाशर्तींमधील रजेचे कलम धडधाकट असतानाच वाचून ठेवावे. निरोप फोनवर दिला तरी त्यापाठोपाठ दोन ओळींचा लेखी संदेश पाठवावा: आज प्रकृतीमुळे येऊ शकत नाही, अमुक दिवशी येण्याचा अंदाज आहे, अमुक काम अमुक व्यक्तीकडे द्यावे लागेल. त्यावर ‘पण झालंय काय?’ असा प्रश्न आलाच, तर ‘डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे’ किंवा ‘आज काम करण्यासारखी प्रकृती नाही’ यांपैकी जे खरे असेल ते उत्तर द्यावे. रजा नाकारली गेली, तर नकाराचे कारण लेखी मागावे आणि ते पत्र जपून ठेवावे.