सिमेंटमधलं फ्लोराइड: किती सुटतं, कधी सुटतं

"तिकडं बागलकोट-विजापूरला बोअरच्या फ्लोराइडनं दात पिवळे पडतात, मग तुम्ही तेच दातात का भरताय?" बेळगाव भागात जीआयसी, म्हणजे ग्लास आयोनोमर हे दात भरायचं सिमेंट, भरताना हा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. पाण्यातलं फ्लोराइड पोटात जातं आणि लहानपणी एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, घडत असताना त्याची घडण बिघडवतं. म्हणून पिण्याच्या पाण्याला लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. सिमेंटमधून सुटतं ते अगदी थोडं, आणि त्याचा उपयोग भरावाला चिकटून असलेल्या कडेपुरता. त्यानं कुणाचे दात डागाळत नाहीत.

विल्सन आणि केंट यांनी हे सिमेंट १९७२ मध्ये मांडलं. पूड फ्लोराइडयुक्त काचेची, द्रव पॉलिॲक्रिलिक ॲसिडचा. ॲसिड काचेला खातं, त्यातून कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि फ्लोराइड बाहेर येतं. पहिले दोन ॲसिडच्या साखळ्या एकमेकींना बांधून सिमेंट घट्ट करतात. फ्लोराइड मात्र त्या बांधणीत अडकत नाही, मोकळं राहतं. ते निघून गेलं तरी भराव खचत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत भरपूर सुटतं, मग झपाट्यानं उतरतं आणि पुढं बारीक धार चालू राहते. शेजारच्या एनॅमलमध्ये शिरलं की तिथला खनिज भाग जास्त चिवट होतो: साधं एनॅमल साधारण ५.५ पीएचखाली (पीएच कमी म्हणजे आंबटपणा जास्त) विरघळायला लागतं, फ्लोराइड शिरून झालेलं खनिज, म्हणजे फ्लोरॲपेटाइट, ४.५ च्या आसपास. करदंट या मिठाईतला गूळ दातांच्या फटीत बसल्यावर हा फरक कामाला येतो.

आता खरी गोम. द्रव जास्त घालून सिमेंट पातळ केलं तर फ्लोराइड जास्तच सुटतं, कारण भरावच जास्त विरघळतो. तेव्हा "जास्त फ्लोराइड सोडणारं" हे काही आपोआप चांगल्या भरावाचं लक्षण नव्हे.

म्हणून ज्या कंपनीची पूड, तिचाच स्कूप घ्या, सपाट भरून. बाटली आधी आडवी, मग सरळ उलटी धरा. थेंबात बुडबुडा आला की प्रमाण चुकलंच. पुडीचे दोन भाग करून प्लास्टिकच्या स्पॅच्युलानं अर्ध्या मिनिटात कालवा. मिश्रणाला चमक आहे तोवरच भरा. चमक गेली म्हणजे दातातल्या कॅल्शियमला धरायला मोकळं ॲसिड उरलं नाही. असा भराव लवकर सुटून हातात येतो. उन्हाळ्यात सिमेंट कालवायची काच थंड करून घेतात ते ठीक, पण खानापूरच्या पावसाळ्यात फ्रिजमधली काच बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं आणि ते पाणी थेट मिश्रणात जातं. त्यापेक्षा कालवायला कागदी पॅड वापरलेला बरा.

भरण्याआधी १० टक्के पॉलिॲक्रिलिक ॲसिड १० ते २० सेकंद लावून धुवा. नंतर कापसानं टिपा, हवेनं कोरडंठाक करू नका. ॲल्युमिनियमची बांधणी सावकाश होते. तोवर लाळ लागली तर पृष्ठभाग खडूसारखा होतो, कोरडा पडला तर तडे जातात. म्हणून वर लगेच व्हार्निश, नसेल तर पेट्रोलियम जेली. घासून गुळगुळीत करायचं काम दुसऱ्या दिवशी.

पुढचं पेशंटच्या हातात. फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा लावली की सिमेंट थोडं फ्लोराइड परत शोषतं आणि पुन्हा सोडतं, पहिल्या दिवसांइतकं नाही. पाकिटावर फ्लोराइड किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) लिहिलंय ते बघा. कित्येक दंतमंजनांत फ्लोराइड नसतंच. दवाखान्यात लावायची आम्लयुक्त फ्लोराइड जेल मात्र जीआयसीवर नको, ती पृष्ठभाग खाते. न्यूट्रल सोडियम फ्लोराइड घ्या.

मिश्रीनं हिरडीपाशी झिजलेल्या दातांना निपाणीकडं जीआयसी फार भरतात. तिथं ते चिकटतंही चांगलं, पण मिश्री चालूच राहिली तर दाताआधी सिमेंट झिजतं.