घरागणिक एक स्तोत्र

जालना म्हटलं की लोकांना सळ्यांचे कारखाने आठवतात, बियाण्याच्या कंपन्या आठवतात, नाहीतर मोसंबी. आमच्या घरात मात्र वर्षाचा सगळा हिशोब नाताळ सप्ताहावर चालायचा. 'नाताळाच्या आधी' आणि 'नाताळ झाल्यावर', एवढे दोनच हंगाम. घराला चुना नाताळाच्या आधी, शाळेचा नवा सदरा नाताळाच्या आधी, उसनवारी फेडायची ती नाताळ झाल्यावर.

या भागातली मराठी ख्रिस्ती घरं काल-परवाची नाहीत. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी शहराजवळच बेथेल ही वस्ती वसवली. आमच्या आजीचं माहेर बेथेलचं. त्यामुळे मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, कुणीही काहीही नवं काढलं की तिचं ठरलेलं, "आमच्या बेथेलात हे पहिल्यापासून व्हतं." खरंखोटं तपासायला तिच्या वयाचं कुणी उरलेलं नव्हतं.

सप्ताहाचा कार्यक्रम वर्षानुवर्षं तोच. चोवीसच्या रात्री कामट्यांना पतंगाचा कागद चिकटवून केलेल्या चांदण्या आणि गाणी. पंचवीसला उपासना आणि मग फराळाची ताटं. करंज्या, अनारसे, चकल्या, जे दिवाळीला शेजारून आमच्याकडे आलेलं असायचं तेच आमच्या हातचं होऊन परत जायचं. ईदेला शीरखुर्मा पाठवणाऱ्या घरी ताट सगळ्यात आधी. सव्वीसला मुलांचे खेळ, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. लिंबू-चमचा जगात सगळीकडे सारखाच. एकतीसला रात्री वर्षअखेरची उपासना. आणि या सगळ्याच्या मध्ये, एकोणतीस तारखेला, कुटुंब संमेलन. मला लिहायचंय ते त्याच्याबद्दल.

त्याची तयारी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी सुरू व्हायची. उपासना संपली की पाळकसाहेब एका पितळी डब्यात चिठ्ठ्या घेऊन दाराशी उभे राहायचे. प्रत्येक घराने एक चिठ्ठी उचलायची आणि तीही घरातल्या सगळ्यात लहान माणसाने. चिठ्ठीवर बायबलातल्या एका स्तोत्राचा आकडा. ते स्तोत्र महिनाभरात अख्ख्या घराने पाठ करायचं आणि संमेलनात स्टेजवर उभं राहून म्हणायचं.

स्तोत्रं दीडशे, पण सगळी सारखी नाहीत, आणि गंमत तिथंच होती. 117 वं दोन वचनांचं. ते ज्याला आलं त्याच्याकडे लोक लॉटरी लागल्यासारखे बघायचे. 136 व्यात वचनं सव्वीस, पण प्रत्येक वचनाचा शेवट एकच, त्यामुळे अर्धं आधीच पाठ. 23 वं डब्यात नसायचंच, कारण ते झोपेतसुद्धा सगळ्यांना यायचं. आणि 119 वं म्हणजे 176 वचनं. त्याचे मुळातच आठ-आठ वचनांचे बावीस भाग आहेत, म्हणून पंचांनी, मंडळीच्या कारभाऱ्यांनी, ते बावीस चिठ्ठ्यांत वाटून टाकलं होतं. तरीही ते नको असायचं, कारण सगळी वचनं सारखी वाटतात आणि म्हणता म्हणता माणूस एका भागातून दुसऱ्या भागात कधी घुसला ते त्याचं त्यालाच कळत नाही.

नियम थोडे होते, पण पक्के. प्रत्येकाने निदान एक ओळ एकट्याने म्हणायची. बोलता न येणाऱ्या लेकराने शेवटी "आमेन" म्हटलं तरी चालायचं. आणि तिसरा नियम, जो कुणी केला त्याच्या अकलेला मी आजही मानतो: अडल्यावर मुलांनी मोठ्यांना सांगितलं तर चालेल, मोठ्यांनी मुलांना सांगितलं तर गुण कापले जातील. निवृत्त झालेले एक मास्तर पुढच्या बाकावर शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसायचे. हातात पेन्सिल, तीही तासून आणलेली. मोठ्या माणसाचे ओठ नुसते हलले तरी त्यांची पेन्सिल हलायची.

त्यामुळे महिनाभर आमच्या घरात उलटं राज्य असायचं. आमचे वडील, अण्णा, रेल्वेत होते. मनमाडहून येणाऱ्या मीटरगेजच्या गाड्यांच्या वेळा, लेट गाड्यांसकट, त्यांना तोंडपाठ. पण स्तोत्राच्या चार ओळी राहायच्या नाहीत. आईचं आमच्या आधी व्हायचं. आजीला वाचता येत नव्हतं. तिला लहानपणी बायबलबाईने, म्हणजे बायकांना बायबल शिकवणाऱ्या बाईने, कानावाटे जे शिकवलं होतं ते जसंच्या तसं होतं. ती एकदा ऐकायची, दुसऱ्यांदा पुटपुटायची, तिसऱ्यांदा आम्हाला दुरुस्त करायची. अण्णा मात्र जेवणं झाल्यावर, आई पोतेऱ्याने चूल सारवत असताना, भिंतीला टेकून बसायचे आणि धाकटी बहीण त्यांची उजळणी घ्यायची. "आता कामून थांबलात?" असं ती आईच्या सुरात विचारायची. गावात ज्यांच्या आवाजाला हमाल दबून असायचे तो माणूस तिच्यापुढे मान खाली घालून "सांग की पुढचं," म्हणायचा.

एरवी अण्णांचा भर बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायावर. घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना लेकरांना वचनं शिकवत जा, असं तिथं आहे, आणि ते अण्णा शब्दशः घ्यायचे. सकाळी आंघोळीच्या रांगेत उजळणी, शाळेच्या वाटेवर उजळणी. कुणी चुकलं की त्यांचा आवाज चढायचा. मग आजी आतून नुसतं म्हणायची, "सहावा." अण्णांना वाटायचं ती त्यांचीच बाजू घेतेय. ती म्हणत असायची तो सहावा बायबलातल्याच इफिसकरांच्या पत्रातला, बापांनी लेकरांना चिडीला आणू नये असं प्रेषित पौलाने जिथं लिहिलंय तो. तिचा लेक चाळिशीचा झाला तरी तिने तो अध्याय त्याच्यावर वापरायचं सोडलं नाही. दोन सहाव्यांच्या मधे आम्ही वाढलो.

लेकरांना विश्वासात वाढवण्यावर मी पुढे बरीच प्रवचनं ऐकली. लेकरू पाटीसारखं कोरं असतं आणि आईबापांनी त्यावर लिहायचं असतं, असा बहुतेकांचा सूर. मला तो पटत नाही. आम्ही जे काही शिकलो ते बापाला न येणारं बघून शिकलो. बापालाही पाठ करावं लागतं, तोही विसरतो, त्यालाही लाज वाटते आणि तरी तो रोज रात्री भिंतीला टेकून बसतो, हे पोराने बघितलं की बाकीचं फारसं सांगावं लागत नाही. संडे स्कूलची सुवर्णवचनं आणि त्यावर मिळणारी रंगीत चित्रं छानच होती. पण ती चित्रं मिळवायला आम्ही एकटे जायचो. स्तोत्राला घर लागायचं.

एका वर्षी आम्हाला 137 वं आलं. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्या लोकांचं. सुरुवात इतकी सुंदर आहे की आईचे डोळे पाण्याने भरायचे. पण शेवटच्या वचनात शत्रूची तान्ही लेकरं खडकावर आपटण्याची भाषा आहे, आणि ती ओळ नेमकी मधल्या भावाच्या वाट्याला आली. तो नऊ-दहा वर्षांचा असेल. म्हणाला, मी हे म्हणणार नाही. पंचांत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, शास्त्रातलं वचन गाळायचा अधिकार कुणालाच नाही. दुसऱ्याचं, पोराच्या तोंडी हे नको. अण्णा रात्री त्याला जवळ घेऊन बसले. ते काही शिकलेले शास्त्री नव्हते. म्हणाले, "रागात माणूस देवापुढं काय काय बोलतो, तेबी लिहून ठेवलंय. देवानं तसं कर म्हणलं, असं न्हाई लिहिलं." मग ती ओळ त्यांनी स्वतः घेतली. स्टेजवर त्यांनी ती हळू आवाजात म्हटली आणि मास्तरांची पेन्सिल हलली नाही. त्या वचनावर पुढे मोठ्या विद्वानांचं वाचलंय. अण्णांच्या पलीकडे फार कुणी गेलेलं नाही.

कुटुंब म्हणजे कोण, हा प्रश्नही या संमेलनात एकदा निघाला. मंडळीत एक नर्सबाई होत्या, नवरा सोडून गेलेला, लेकरू नाही. त्या दरवर्षी मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. एका आगमनकाळात त्या सरळ उठल्या आणि डब्यात हात घातला. कुजबुज झाली. "घरातल्या सगळ्यात लहानाने उचलायची," असं कुणीतरी नियमावर बोट ठेवून म्हणालं. त्या म्हणाल्या, "माझ्या घरात सगळ्यात लहान मीच." संमेलनाच्या दिवशी त्या एकट्या उभ्या राहिल्या, आणि पहिल्या ओळीला पाळकीणबाई खालून उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. पाळकीणबाईंना ते स्तोत्र येत नव्हतं. त्या नुसत्या उभ्या होत्या. गुण किती पडले आठवत नाही. पुढच्या वर्षी मात्र वसतिगृहातली, सुट्टीलाही घरी न गेलेली चार पोरं मिळून एक घर झाली आणि कुणी काही बोललं नाही.

संमेलनाच्या आदल्या रात्री कीर्तन असायचं. नगरकडे एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला. त्या वळणाचे एक म्हातारे बुवा आमच्याकडे यायचे. पेटी, ढोलकी, झांज, आणि खांद्यावर उपरणं. बहुतेकदा आख्यान बायबलातल्या रूथचं. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, नामी नवऱ्याबरोबर आणि दोन मुलांबरोबर मवाब देशाला जाते, तिथं नवरा जातो, मुलं जातात आणि ती विधवा सुनेला घेऊन रिकाम्या हाताने परत येते. हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. समोर बसलेल्यांत 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या, सुकडीवर लेकरं जगवलेल्या बाया असायच्या. बुवा "दुष्काळ पडला" एवढं म्हणून थांबायचे आणि ढोलकीवाल्याला हाताने गप्प करायचे. मग रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते तिथं त्यांचा आवाज उघडायचा. रूथ वेचायची ते जवाचं कणीस. बुवांच्या तोंडी ती सरळ ज्वारी व्हायची आणि बवाज अंबड तालुक्यातला बागायतदार वाटायचा. "मालकानं गड्यांना सांगितलं, मुद्दाम चार कणसं सांडा रे!" यावर मागून कुणीतरी हमखास म्हणायचं, "असा मालक आमाला न्हाई घावला."

रूथ निवडण्यामागे बुवांचा कावा असायचा. ते गावात आल्यावर आधी पाळकीणबाईंकडे चहा घ्यायचे आणि कुठल्या घरात सासू-सून बोलत नाहीत ते काढून घ्यायचे. मग कीर्तनात रूथ सासूला म्हणते की तू जाशील तिथं मी येईन, त्या ठिकाणी नेमक्या त्या बाकाकडे बघून ओळ तीन-तीनदा घोळवायचे. एकदा एक सासूबाई भर कीर्तनात म्हणाल्या, "अवो बुवा, नामीची सून चहात साखर तरी घालत आसंल!" बुवांना पुढचं पद सुचेना. पण दुसऱ्या दिवशी त्या दोघी स्टेजवर एकत्र उभ्या होत्या, कारण स्तोत्राला घर पूर्ण लागायचं.

संमेलन संपलं की प्रीतिभोजन. मंदिराच्या आवारात पंगत, मोठ्या डेगीत मटणाचा रस्सा, भाकरी घरटी ठरलेल्या, आणि ज्यांना मटण चालत नाही अशा पाहुण्यांसाठी येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी. येसर आमच्या गल्लीतल्या एक मावशी भाजून द्यायच्या. त्या मंडळीतल्या नव्हत्या, मारुतीच्या देवळामागे राहायच्या. पण आमटी बिघडली तर नाव त्यांचं जाईल म्हणून स्वतः येऊन चुलीपाशी बसायच्या.

आता एकोणतीसला आवार भरत नाही. निम्मी घरं पुण्याला, उरलेली छत्रपती संभाजीनगरला. परवा तरुण संघाने सुचवलं की बाहेरगावच्या घरांनी मोबाईलवर स्तोत्र म्हणून पाठवावं. पंचांनी नाही म्हटलं. मला पंचांचं पटलं. मोबाईलवर माणूस चुकला की पुसून पुन्हा म्हणतो, आणि या खेळात चुकणाऱ्याला शेजारच्याने हळूच सांगणं हाच तर खेळ आहे.

बक्षिसाचं राहिलं. बक्षीस म्हणजे स्टीलचं भांडं, आणि त्यावर नाव न घालता स्तोत्राचा आकडा घातलेला. त्यामुळे आमच्या मांडणीवर 121 चा तांब्या होता, 90 ची परात होती. 133 चा डबा सगळ्यात लाडका. तीनच वचनांचं स्तोत्र ते, भावंडांनी एकोप्याने राहण्याबद्दलचं. अहरोनाच्या दाढीवरून तेल ओघळतं त्या ओळीला आम्ही चौघंही स्टेजवर हसलो होतो, तरी पहिले आलो. आई गेल्यावर वाटण्या झाल्या. जमिनीचा तुकडा तासाभरात मिटला, सोन्यावर तर कुणी बोललंच नाही. 133 च्या डब्यावरून मात्र थोरल्याची आणि धाकटीची चार महिने अबोला धरण्यापर्यंत मजल गेली. डबा सध्या थोरल्याकडे आहे, तो त्यात चहापूड ठेवतो. झाकण धाकटीने नेलंय.